माफीच्या साक्षीदाराची भवानी

रहस्यकथेला विद्वानांच्या बैठकीत ओसरीवरच बसवावयाचे, अशी आपल्याकडे जुनी रीत आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड महाराष्ट्रात घरोघरी वाचले गेले, त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. तरी वडीलधारे आले की ती पुस्तके उशीखाली जात. त्या कथांवर इतिहासाचा भार नव्हता आणि वाचकांची तशी मागणीही नव्हती. गेल्या दहाबारा वर्षांत मात्र इंग्रजीत एक निराळा प्रकार बहरला आहे. हिंदुस्थानातील परकीय अंमलाचा काळ घ्यावयाचा, त्या काळचे कायदे, कचेऱ्या, रस्ते, रीतिरिवाज यांचा अभ्यास करावयाचा, आणि त्यात एक शोधक सोडून देऊन पुस्तकामागून पुस्तक काढावयाचे. एम. जे. कार्टर यांची ब्लेक आणि अ‍ॅव्हरी ही मालिका १८३७ सालच्या कंपनी सरकारात सुरू होते. अबीर मुखर्जी यांचा कॅप्टन विंडम १९१९ सालच्या कलकत्त्यात येऊन दाखल होतो. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री १९२१ सालच्या मुंबईत वकिली करते.

वकिली हा आमचाही चरितार्थ असल्यामुळे आम्ही ही पुस्तके थोड्या वेगळ्या नजरेने वाचतो. गुन्हेगार कोण, यापेक्षा तो कोणाच्या शब्दावर गुन्हेगार ठरला, इकडे आमचे लक्ष आधी जाते. आणि हा प्रश्न कार्टरबाईंच्या पहिल्या कादंबरीला लावला, तर तो थेट आपल्या देवघरापर्यंत येऊन पोहोचतो. ही गोष्ट वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘द स्ट्रँगलर व्हाइन’ ही ती कादंबरी २०१४ साली प्रसिद्ध झाली. ब्लेक आणि अ‍ॅव्हरी हे दोघे कलकत्त्याहून एका बेपत्ता झालेल्या कवीच्या शोधात निघतात आणि जबलपूरला पोहोचतात. तेथे ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमनसाहेब आपले खाते थाटून बसलेला आहे. कवी आणि शोधक काल्पनिक. स्लीमन मात्र खरा, आणि त्याचे जबलपूरही खरे.

जबलपूरचे नाव आमच्या भागाला परके नाही. पांढुर्णा आणि सौंसर हे सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे मराठी मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. तोवर आमची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात चालत. ती तेव्हापासून जबलपूरला जाऊ लागली. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी अपिलाची वाट बदललेली नाही. नागपूरहून सौंसरवरून घाट चढून छिंदवाडा, तेथून नरसिंहपूर आणि पुढे नर्मदाकाठाने जबलपूर, अशी ही वाट. जामसावळीच्या मारुतीला येणारा भाविक याच मुलखातून येतो. वऱ्हाड-नागपूरकडून पचमढीच्या महादेवाला निघालेल्या यात्रेकरूंच्या पायांखालीही आमचा सातपुडाच असतो. शंभर माणसांच्या सोबतीशिवाय अशा वाटेला लागू नये, असा शहाणपणा जुन्या काळी कोणाला शिकवावा लागत नसे.

कथानक घडते त्या १८३७ साली सौंसरवर कंपनी सरकारचा थेट अंमल नव्हता. नर्मदेकाठचा सागर-जबलपूरचा मुलूख १८१८च्या सुमारास मराठ्यांच्या हातून कंपनीकडे गेला होता. पण घाटाखालचा आमचा प्रदेश तिसऱ्या रघूजी भोसल्यांकडे होता. १८५३ साली रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, परंतु त्यात कायद्याची एक मेख आहे. १८३६ चा तिसावा कायदा असा होता की, जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल, मग तो हा कायदा होण्यापूर्वी असो वा नंतर, कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. खून सिद्ध करण्याची गरज नव्हती. टोळीत असणे पुरे होते. आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात कोठेही नव्हती. भोसल्यांच्या राज्यातला, भोसल्यांचा प्रजाजन असलेला एखादा सौंसरचा मनुष्य जबलपूरला नेऊन, दहा वर्षांपूर्वीच्या सोबतीबद्दल जन्मभर डांबता येईल, इतका तो कायदा ऐसपैस होता.

मग टोळीत असणे सिद्ध कसे होई? माफीच्या साक्षीदाराच्या तोंडून. पकडलेल्या ठगाला सांगावयाचे की, तू सर्व सांगितलेस तर फाशी टळेल. सुटका त्यालाही नव्हती. त्याने तुरुंगात राहावयाचे, शिपायांबरोबर हिंडून जुने सोबती ओळखून द्यावयाचे, आणि खोटे बोललेला आढळला तर मूळची शिक्षा भोगावयाची. फिरंगिया हा अशा साक्षीदारांत सर्वांत नावाजलेला. पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाची साक्ष त्याज्य मानावी, हा जुना अडसरही १८३७ च्या एकोणिसाव्या कायद्याने काढून टाकला. आरोपीच्या बाजूने वकील उभा राहण्याची सोय नव्हती. १८३१ ते १८३७ या काळात ३२६६ ठगांचा निकाल लागला असे सांगतात. त्यांपैकी ४१२ फाशी गेले आणि ४८३ सरकारी साक्षीदार झाले. फाशी गेलेल्यांपेक्षा साक्षीदार अधिक! वकिलाने या दोन आकड्यांपाशी थांबलेच पाहिजे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. वाटसरूंचे गळे आवळले जात होते, यात शंका नाही. आपला काळ असा आहे की, इंग्रजाने लिहिलेले सर्वच बनावट म्हणण्याची लहर चटकन येते. फिरंगियाने सागरकडच्या एका आमराईत स्लीमनच्या तंबूच्या भोवतालची जमीन दाखवली आणि ती खणताच प्रेते निघाली. नरसिंहपूरला आपण अंमलदार असताना कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहात होती आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, असे स्लीमनने स्वतःच पुढे लिहून ठेवले. स्वतःच्या कारभारावर असा डाग कोणी उगाच लावून घेत नाही. कार्टरबाईंच्या कादंबरीचा कल स्लीमनने हे सारे प्रकरण फुगवले, या मताकडे झुकतो. कादंबरी म्हणून ते रंगते. परंतु जमिनीतून निघालेली हाडे कल्पनेने पुन्हा जमिनीत घालता येत नाहीत. ती हाडे कोणाच्या तरी घरच्या यात्रेकरूची, कोणाच्या तरी व्यापाऱ्याची, रजेवर घरी निघालेल्या शिपायाची होती.

आता देवीकडे वळू. १८३० च्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या एका साप्ताहिकात एक निनावी पत्र छापून आले. विंध्याचलच्या देवीच्या देवळात ठग जमतात, लुटीतला वाटा पुजाऱ्यांना देतात, आणि पुजारी त्यांना खुनाच्या मोहिमेचा कौल देतात, असा त्यातला आशय. पत्र स्लीमनचे होते, हे मागाहून उघड झाले. सरकार हलले ते या पत्रामुळे, असे इतिहासकार मानतात. पुढे १८३६ साली स्लीमनने ठगांच्या गुप्त बोलीचा ‘रामसीयाना’ हा ग्रंथ काढला. त्यात माफीच्या साक्षीदारांशी झालेली संभाषणे आहेत. भवानीची आज्ञा, शकुन-अपशकुन, अभिमंत्रित कुदळ हे सारे त्यांतून जगभर गेले. लुटारूंच्या टोळ्या तोवर पुष्कळ ठाऊक होत्या. आता एक संबंध ‘धर्म’ उभा राहिला, आणि त्याची अधिष्ठात्री आपली भवानी.

आम्हांस विचाराल तर, यात साहेबाला न कळलेली गोष्ट अगदी साधी आहे. खंडेनवमीला लोहार घण पुजतो, शेतकरी नांगर पुजतो, कारकून दौत-लेखणीला फूल वाहतो, आणि आमच्यासारखा वकील कायद्याच्या पुस्तकांवर हळदकुंकू टाकतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेस निघणे हा मराठ्यांचा परिपाठ. ज्या समाजात हत्यार पुजल्यावाचून कोणीही कामास लागत नाही, त्या समाजातला दरोडेखोर आपली कुदळ पुजील, हे ओघानेच आले. त्यावरून लोहाराचा, कारकुनाचा आणि वकिलाचा असा एकेक निराळा धर्म काढावा लागेल! शिवाय या ठगांत मुसलमानही पुष्कळ होते आणि तेही भवानीचे नाव घेत. हे पाहून साहेबाला नवल वाटले. ज्याने नवरात्रात एखाद्या देवीच्या पायरीवर दोन दिवस बसून गर्दी पाहिली आहे, त्याला वाटणार नाही.

पुराव्याच्या कायद्याने ही गोष्ट आणखी स्वच्छ होते. पोलिसांच्या छळाचे प्रकार १८५५ च्या मद्रास आयोगाच्या अहवालाने चव्हाट्यावर आणले. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, आणि पुढे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब निरुपयोगी ठरवण्यात आला. त्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने एकच खिडकी उघडी ठेवली: कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर सांगण्यातला तेवढाच भाग, जो त्या सापडण्याशी थेट निगडित आहे, ग्राह्य. फिरंगियाची आमराई या कलमाला तंतोतंत लागू पडण्यासारखी आहे, जरी तो कायदा त्याच्यानंतर चाळीस वर्षांनी आला. ‘येथे खणा’ असे तो म्हणाला, खणले, प्रेते निघाली, तेवढे ग्राह्य. ‘भवानीने आम्हांस मारावयास सांगितले’ असेही त्याच्यासारखे साक्षीदार म्हणाले. त्यावरून मात्र काही सापडले नाही आणि सापडणार तरी काय? खून जमिनीने सिद्ध केले. देवीवरचा आरोप केवळ फाशी टाळू पाहणाऱ्या जिभेवर उभा आहे, तोही समोरच्याला जे ऐकावयाचे ते ताडून बोलणाऱ्या.

डॉ. हिरालाल गुप्त यांनी १९५९ साली, आणि पुढे स्ट्युअर्ट गॉर्डन, राधिका सिंघा, किम वॅग्नर यांनी ठगीच्या कागदांची अशीच निरनिराळ्या अंगांनी फेरतपासणी केली आहे. त्यांचे आपापसात मतभेद आहेत, परंतु ठगी हा धर्मपंथ होता हे जुने चित्र आता जसेच्या तसे कोणी अभ्यासक मांडत नाही.

लोकांच्या मनातले चित्र मात्र अभ्यासकांनी घडवलेले नाही. ते कादंबरीने घडवले. फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ १८३९ साली लंडनला निघाली आणि विलायतेत तिचा बोलबाला झाला. तिचा नायक अमीर अली हा माफीचा साक्षीदार आहे. तो बोलतो आणि साहेब लिहून घेतो. म्हणजे हिंदुस्थानातील गुन्ह्यावरची ही गाजलेली पहिली इंग्रजी कादंबरी आरंभापासून अखेरपर्यंत उलटतपासणी न झालेली एक साक्षच आहे. टेलर हा काही द्वेष्टा नव्हे. निजामाच्या नोकरीत त्याचे आयुष्य दक्षिणेत गेले; पुढे १८५३ पासून नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे होता, आणि तुळजापूर त्याच जिल्ह्यात. त्या तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या कन्येवर ‘तारा’ ही कादंबरीही त्याने १८६३ साली लिहिली. तीत भवानीच्या देवळाचे वर्णन जिव्हाळ्याने येते. तुळजापुराचा सहवास घडल्यावर त्याला दिसलेली देवी आणि साक्षीदाराच्या तोंडून ऐकलेली देवी, यांत किती अंतर! पण जगाने लक्षात ठेवली ती दुसरी.

आमच्या कोकणी वाचकांना ही कथा ओळखीची वाटेल. गोव्यात १५६० साली धर्मन्यायालय बसले; मध्यंतरी चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. तेथे आरोपीला साक्षीदाराचे नाव सांगत नसत. डेलॉन नावाचा एक फ्रेंच वैद्य दमणला पकडला जाऊन १६७४ साली गोव्याच्या त्या तुरुंगात आला. आपला अपराध काय, हे त्याने स्वतःच ओळखून कबूल करावे, अशी अपेक्षा होती. त्याची हकीकत १६८७ साली छापली गेली, आणि प्रा. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात ती पुन्हा पुढे आणली. गोव्यात साक्षीदार अदृश्य, जबलपुरात साक्षीदार सरकारचा अन्नदास. दोन्हीकडे उलटतपासणी गैरहजर. पोर्तुगीज अंमलावर अशी एखादी शोधकथांची मालिका कोणी कोकणीत लिहावी, असे आम्हांस फार वाटते. तेथील देवांनी रात्रीतून नदी ओलांडून नवी ठिकाणे गाठली, त्या स्थलांतरांत एकेका पुस्तकाचे कथानक दडलेले आहे.

इतर दोन मालिकांविषयी थोडक्यात. मुखर्जींचा विंडम हा पोलीस अधिकारी आणि बॅनर्जी हा त्याचा बंगाली सहकारी. रौलट कायद्याच्या आणि जालियनवाला बागेच्या दिवसांत, १९१९ च्या एप्रिलमध्ये, पहिले कथानक घडते. त्या वातावरणाचा दाब पुस्तकात चांगला उतरला आहे. पण रहस्यकथेचा ठरलेला शेवट, म्हणजे आरोपीने शोधकापुढे सर्व ओकून टाकणे, हिंदुस्थानात पोलिसाच्या काही कामाचा नाही. पंचविसाव्या कलमापुढे ती कबुली कोऱ्या कागदाइतकीच. उलट परवीन मिस्त्री खासगी वकील असल्यामुळे तिच्यापुढे मोकळ्या माणसाने दिलेली कबुली न्यायालयात निदान विचारात तरी घेता येईल. लेखिकेने हे योजून केले की सहज जमले, देव जाणे. आम्ही मात्र मनात तिला शंभरापैकी शंभर गुण दिले.

परवीनची मालिका आम्हांस अधिक जवळची वाटते, आणि तेही कायद्यामुळेच. पहिल्या पुस्तकात, जे २०१८ साली आले, मलबार हिलवरच्या एका मृत गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात, आणि त्यांची मेहेरची मालमत्ता वक्फाकडे वळवणाऱ्या कागदावर सह्या घेतल्या जातात. पडदानशीन स्त्रीने सही केली, एवढ्याने भागत नाही. कागद तिला समजला होता, हे त्याचा लाभ घेणाऱ्याने सिद्ध करावयाचे, असा प्रिव्ही कौन्सिलचा दंडक होता. पण तिला समजले की नाही, हे पडद्याआड जाऊन विचारणार कोण? पुरुष वकिलाला आत मज्जाव. या फटीतून परवीन आत जाते. दुसरे पुस्तक सह्याद्रीतल्या एका काल्पनिक संस्थानात घडते, तेथेही पडद्यातल्या दोन राण्यांचा वाद. या पात्रामागे खऱ्या स्त्रिया आहेत. त्यांतली कॉर्नेलिया सोराबजी ही आपल्या नाशिकची. जन्म १८६६, ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा तिने १८९२ साली दिली, पदवी प्रत्यक्ष हाती पडली १९२२ साली. स्त्रियांना वकिलीचा मार्ग १९२३ च्या कायद्याने मोकळा होईपर्यंत तिने कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या नोकरीत पडदानशीन जमीनदारिणींची कामे पाहिली. जिचा शब्द न्यायासनापर्यंत पोहोचत नव्हता, तिचा शब्द पोहोचवणे हेच तिचे काम. जबलपूरच्या साक्षीदाराची याहून उलट बाजू ती कोणती?

ठगांच्या खटल्यांचे ओझे मात्र ठगांबरोबर संपले नाही. गुन्हा हा जन्माने, वंशाने चालत येतो, ही कल्पना त्या साक्षींनी आणि स्लीमनने त्यांवरून मांडलेल्या वंशावळींनी राज्यकर्त्यांच्या डोक्यात पक्की केली. १८७१ साली तिचा कायदा झाला आणि जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या; हजेरी, परवाने, बेड्या त्यांच्या पोराबाळांच्या कपाळी आल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांची नावे त्या नोंदींतून निघाली. आमच्या भागात आणि वऱ्हाडात पारध्याचे नाव निघाले की गावची चर्चा अजूनही कोणत्या दिशेने जाते, हे तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्या देवीवर जो आरोप साक्षीदाराच्या एका वाक्याने आला, तसाच या माणसांवरही आला. देवीवरचा पुसावयास आपण तत्पर असू, तर दुसऱ्याकडे पाठ फिरवता येणार नाही.

कायदा मधल्या काळात थोडा पुढे सरकला आहे. १८७२ च्या कायद्यात एकशेतेहतिसावे कलम म्हणे की, साथीदाराच्या साक्षीला दुजोरा नसला तरी केवळ तेवढ्याने शिक्षा बेकायदा ठरत नाही. आणि एकशेचौदाव्या कलमाखालचे उदाहरण म्हणे की, दुजोरा नसेल तर असा साक्षीदार विश्वासास अपात्र समजावा. या दोन वाक्यांची मोट बांधण्यात वकिलांच्या पिढ्या गेल्या. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने आपल्या एकशेअडतिसाव्या कलमात दुजोऱ्याचा शब्द थेट घातला आहे. स्लीमनच्या कचेरीत तो शब्द असता, तर किती जण सुटले असते आणि किती खरे खुनी निसटले असते, याचा हिशेब कोणाला करता येणार नाही.

राहता राहिली कार्टरबाईंची मालिका. पहिल्या पुस्तकानंतर ब्लेक आणि अ‍ॅव्हरी हिंदुस्थान सोडून गेले. पुढची दोन्ही पुस्तके लंडनात घडतात. त्यामुळे नागपूर ते जबलपूर ही वाट तिथेच अर्धी राहिली आहे. कोणा मराठी लेखकाने ती उचलली, तर साहेबाच्या घोड्यावरून न लिहिता घाटाखालून लिहावी: १८३७ साल, तिसऱ्या रघूजींचा अंमल, सौंसरच्या बाजारातून जबलपूरच्या शिपायांनी उचललेला एक वाटसरू, त्याच्यावर बोट ठेवणारा कधीच न भेटलेला साक्षीदार, आणि नागपूर दरबाराकडून चौकशीला निघालेला एखादा मोडी जाणणारा कारकून. त्याच्या पोतडीत दौत, लेखणी आणि घरच्या भवानीचा टाक असावा.